डागांची इंग्रजी नावं

धूळ काळपट असते, पण छापलेल्या फोटोत ती पांढरी उतरते. निगेटिव्हवर कण बसला की तेवढ्या जागेतून उजेड कागदापर्यंत पोचत नाही, आणि कोणाच्या तरी कपाळावर, शालूवर किंवा पाठीमागच्या पडद्यावर मोहरीहून बारीक पांढरा ठिपका राहून जातो. नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीतले रस्ते तेव्हा पक्के झालेले नव्हते. एखादा ट्रक गेला की धूळ उठायची आणि सरळ आमच्या दारातून आत यायची. घराचा पुढचा भाग म्हणजे बाबांचा फोटो स्टुडिओ. मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो: बाबा, आई, बाबांची धाकटी बहीण कुंदाआत्या आणि मी. आजोबा विणकर होते. ते गेल्यावर माग विकला गेला आणि बाबांनी कॅमेरा घेतला, पण विणकराच्या घराची रीत सुटली नाही. मागाच्या काळात घरातल्या बायका आत बसून सुताच्या कांड्या भरायच्या. स्टुडिओच्या काळात आत्या आत बसून ठिपके भरायची.

उत्तरेकडच्या खिडकीशी चटई टाकून ती बसे. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात इतका बारीक कुंचला की त्याचं टोक दिसण्याऐवजी जाणवायचं. डबीच्या झाकणात शाई पातळ केलेली असे. कुंचला ओठांत धरून टोक काढायचं, शाईला नुसतं टेकवायचं, आणि पांढऱ्या ठिपक्यावर रंग ठेवायचा, आजूबाजूच्या करड्याशी मिळेल एवढाच. यामुळे तिच्या खालच्या ओठावर कायम एक करडी रेघ असायची. जेवताना आई म्हणायची, "कुंदाबाई, ओठ धुवा, भाजीत शाई उतरन." आत्या धुवायची, आणि ताटावरून उठली की पुन्हा कुंचला तोंडात. ती शांत बसणारी बाई नव्हती. ठिपका भरताना हात स्थिर, बाकी सगळं अंग चुळबुळत असे. पायाचा अंगठा चटईची काडी उसवत राहायचा. उन्हाळ्यात कूलरची मोटर घरघरायची, फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीतला नळ थेंबथेंब गळायचा, बाबा आतून भिंतीवर थाप मारून "दार उघडू नका" असं सांगायचे, आणि या सगळ्यावर हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाचा, आंबूस वास पसरलेला असायचा. तो वास माझ्या शाळेच्या दप्तरालाही येत होता.

तिच्या कामाला स्पॉटिंग म्हणतात, हे फोटोच्या कागदाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असे. आत्याचं शिक्षण मॅट्रिकनंतर थांबलं होतं, पण ती पत्रकं ती टाकून देत नसे. माझ्याकडे बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून आणलेला जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. एका दुपारी तिने पत्रक पुढे धरून मला कामाला लावलं.

"मंगे, स्पॉट म्हणजे काय?"

"डाग."

"आन् स्टेन?"

मी पानं उलटली. "डाग."

"आन् हे, ब्लेमिश?"

"डागच दिलं आहे."

"भैताड आहे का वं तो कोशवाला? सगळ्यायले एकच सांगून राहिला. मग एवढे शब्द काहून ठेवले त्यायनं?"

प्रश्न रास्त होता. शाळेच्या वाचनालयात इंग्रजीचा इंग्रजीतच अर्थ देणारा मोठा कोश होता. मधल्या सुट्टीत तो पाहून मी अर्थ पाठ करून आणू लागले. संध्याकाळी आत्या तिच्या फोटोंवर ते लावून बघायची. स्पेक म्हणजे जेमतेम दिसणारा कण, धूळ. स्पॉटला काठ असतो, तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे बोटाने दाखवता येतं. ब्लॉचला तसा काठ नसतो, तो वेडावाकडा पसरतो. औषधाच्या पाण्यात कागद नीट हलवला नाही की उमटतो तो ब्लॉच. स्टेन आत मुरतो. स्मज पुसटलेला असतो आणि तो कोणाच्या तरी बोटाने झालेला असतो, म्हणून बाबांचा आणि आत्याचा त्यावरून वाद होई. स्ट्रीक म्हणजे ओघळ. फ्लेक म्हणजे कपची किंवा तसा दिसणारा ठिपका, भिंतीच्या चुन्याची पापडी पडावी तसा. फ्रेकल गोऱ्या कातडीला ऊन देतं. नागपुरात ऊन भरपूर असूनही आमच्या गिऱ्हाइकांत एकही फ्रेकलवाला नव्हता, याची आत्याला हळहळ होती. मोल म्हणजे तीळ. स्कार म्हणजे वण, म्हणजे आधी काहीतरी घडून गेलेलं असणार. डॅपल्ड हा शब्द तिला सगळ्यांत आवडला: कडुनिंबाखाली उभं राहिल्यावर अंगावर जो उजेड-सावलीचा खेळ पडतो, तो. ब्लेमिश तिला आवडला नाही. मी अर्थ सांगितला की ज्याने रूप किंवा नाव उणं होतं तो डाग. ती भिंगातून नजर न काढता म्हणाली, "ह्याच्यात डाग कुठी आहे? ह्याच्यात तर पाहणाऱ्याचं तोंड वाकडं झालेलं आहे."

पुढे घरात हे शब्द वावरू लागले. कोथिंबिरीची सांबारवडी तळताना आत्या आईला विचारायची, "वहिनी, ही स्पेकल्ड झाली का ब्लॉची?" आई झारा तसाच धरून म्हणायची, "ही वडी झाली. खा." बाबा आतून विचारत, "इंग्रजीत सांगितलं की ठिपका लवकर बुजते का?" पुढे मी आयुष्य बातम्यांच्या डेस्कवर काढलं. तिथे 'डागाळलेली प्रतिमा' हे शब्द रोज एकदा तरी माझ्यासमोर येत आणि मी ते कापत असे. कोणता डाग, कशाचा, पुसता येण्यासारखा की नाही, हे बातमीदाराला सांगता येत नसे. माझं ते शिक्षण चटईवर झालं होतं.

या सगळ्या शब्दांच्या घरात एका गोष्टीसाठी मात्र एकही शब्द वापरला जात नव्हता. आत्याच्या गालावर कानाच्या पाळीखालून हनुवटीच्या हाडापर्यंत उतरलेली, चहाच्या रंगाची एक जन्मखूण होती. तळहाताच्या खळग्याएवढी. आई-वडील लवकर गेल्यामुळे बाबांनीच बहिणीला वाढवलं होतं. शाळेत पोरं तिला चिडवत, बाबा त्यांना मारून येत. ते बहुधा फार वेळा झालं असावं, कारण कधीतरी बाबांनी त्यावर कायमचा उपाय काढला. ते तिकडे बघेनासे झाले. आत्याशी बोलताना त्यांची नजर तिच्या भांगावर असे किंवा हातांवर. आई लग्न होऊन आली तेव्हा तिने हे उचललं. उंबऱ्यावर पाय देऊ नये हे जसं कोणी न सांगता कळतं, तसं मला ते कळलं. बर्थमार्क हा शब्द मी कोशात पाहून ठेवला होता. तो मी आत्याला सांगितला नाही. तिनेही विचारला नाही.

स्थळ आलं ते आईच्या माहेरच्या ओळखीतून. मुलाचं नाव मधुकर. शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून. घर प्रताप नगरात, घरात आई आणि सगळा कारभार पाहणारे मामा. रिवाजाप्रमाणे आधी मुलाचा फोटो आला. आमच्याकडे फोटो आला की माणसाआधी काम पाहिलं जाई. आत्याने तो खिडकीशी नेला, भिंग लावलं, आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. आई दारात उभी, मी तिच्या मागे.

"कसा आहे?" आई म्हणाली.

"स्पॉटिंगवाला झोपला होता. धूळ तशीच आहे कानावर."

"मी पोरगा इचारून राहिली."

आत्या पुन्हा वाकली. "देवीचे वण आहेत याच्या तोंडावर. सगळेच्या सगळे आहेत. ह्या फोटोले कोणी हात नाही लावला, वहिनी." मग भिंग बाजूला ठेवून, आमच्याकडे न बघता म्हणाली, "लग्नाचा फोटो आन् पेन्सिल नाही लावली. लावता आली असती ना. त्यानं नाही लावू दिली."

स्टुडिओच्या घरातल्या माणसालाच या वाक्याचं वजन कळेल. स्थळासाठीचा फोटो म्हणजे रिटचिंग आलंच. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर फिका दिसतो. त्यावर टोकदार पेन्सिलीने भरत गेलं की छापात तो नाहीसा होतो. बाबा या कामात निष्णात होते. गावातल्या किती मुलींच्या गालावरचे वांग आणि किती मुलांच्या कपाळावरच्या खोका त्यांनी घालवल्या असतील. आत्याला याआधी दोन-तीन स्थळं सांगून आली होती. त्या वेळी फोटो मागितला गेला की बाबा काही ना काही कारण काढून विषय लांबवत. या वेळी आत्यानेच सांगितलं, फोटो काढ, आणि पेन्सिल लावू नको. त्याने जसा पाठवला तसाच माझा जाऊ दे. तिला हे लग्न हवं होतं. तसं ती म्हणाली नाही, पण पुढच्या दिवसांत चटईच्या त्या कोपऱ्यात एकही काडी धड राहिली नाही.

फोटो बाबांनी काढला. लिंबू रंगाचं पातळ, मधोमध भांग, चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे. निगेटिव्ह धुऊन वाळली, आणि त्यानंतरची बाबांची घालमेल सगळ्या घराने पाहिली. ते निगेटिव्ह रिटचिंगच्या डेस्कवर ठेवत, पेन्सिलीला टोक करत, उठत, बाहेर जाऊन पान खाऊन येत, निगेटिव्ह पाकिटात टाकत, पुन्हा काढत. आई म्हणाली, "थोडंसं हलकं करा ना. पूर्ण नका काढू." बाबा म्हणाले, "थोडंसं काय असते? एक तर आहे, नाही तर नाही." आणि पुन्हा पेन्सिलीला टोक. अखेर एका दुपारी विजेची लाइन गेलेली असताना ते घामाने निथळत बसून राहिले, आणि लाइन आली तशी एकदम उठून अंधाऱ्या खोलीत गेले. लाइन परत जायच्या आत छापून टाकायचं, म्हणजे प्रश्न मिटला. भिंतीवर थाप पडली. थोड्या वेळाने ओला फोटो हातात घेऊन ते बाहेर आले आणि तोंड दुसरीकडे करून तो आत्याकडे दिला.

आत्या त्या फोटोकडे पाहत राहिली. आजवर तिला स्वतःचा कुठलाही फोटो आवडला नव्हता. शाळेचा, माझ्या बारशातला, कुठलाच. म्हणायची, ही मी नाही वाटत, कोणी तरी तोंड ओढलं आहे. या वेळी ती म्हणाली, "ही मीच आहे, भाऊ. अशीच दिसतो मी." खूण जशीच्या तशी होती, काठासकट. धुळीचे चार कण तिने भरले, बाकी काही नाही. फोटो प्रताप नगरला गेला, आणि आठवडा उलटायच्या आत निरोप आला की मुलगी पाहायला येतो.

त्या दिवशीची तयारी सांगण्यासारखी नाही, सगळ्या घरांत सारखीच असते. तर्रीचे पोहे, सांबारवडी, शेजारून आणलेल्या खुर्च्या. स्टुडिओतला डोंगर-तळ्याचा पडदा गुंडाळून ठेवला होता, कारण बाबांना तो अचानक हलका वाटू लागला. मधुकर फोटोतल्यासारखाच होता. त्याची आई कमी बोलणारी. मामा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बोलणं तुळतुळीत. आत्या पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, बसली. मधुकरच्या आईने तिच्याकडे पाहिलं आणि मग मामांकडे पाहिलं. मामांनी खिशातून आमचा फोटो काढला. फोटोकडे, आत्याकडे, पुन्हा फोटोकडे. बशी खाली ठेवली.

"एक शंका आहे," ते बाबांना म्हणाले. "तुम्ही पाठवलेल्या फोटोत हा पॅच उजव्या गालावर आहे. इथे डाव्या गालावर दिसतोय. हा पसरतो, की जागा बदलतो, की फोटोतली मुलगी वेगळी, एवढंच समजून घ्यायचंय."

बाबांनी फोटोसाठी हात पुढे केला, तो मामांनी दिला नाही. बोलली ती आत्या.

"पॅच नाही. बर्थमार्क आहे. पॅच म्हणजे लावलेलं ठिगळ."

हा शब्द तिला कुठे सापडला, मला माहीत नाही. माझ्या शब्दकोशातच असणार.

"इंग्रजी येतं वाटतं," मामा म्हणाले.

"डागापुरतं येते."

मधुकर हसला. मामा हसले नाहीत. ते पुन्हा बाबांकडे वळले. "हे बघा, मुलीला नका बोलू देऊ. तुम्ही लहानाची मोठी केलीत ना बहिणीला? मग तिच्याकडे न बघता तुम्हीच सांगा. जन्मापासून कोणत्या गालावर आहे?"

बाबा जमिनीकडे बघत होते. साधा प्रश्न होता. ते आठवायचा प्रयत्न करत होते, हे मला दिसत होतं, आणि त्यांना भांग आठवत होता, हात आठवत होते, आणि गेल्या आठवड्यात अंधाऱ्या खोलीत तबकात तरंगणारा फोटो आठवत होता.

"उजव्या," ते म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला. मला विचारलं असतं तर मीही ठामपणे सांगू शकले नसते. आमच्यापैकी कोणीच सांगू शकलं नसतं. आत्याने भावाकडे पाहिलं. मग उठली, मामांच्या हातातून फोटो सरळ काढून घेतला आणि खिडकीशी जाऊन त्याची पाठ आपल्याकडे करून तो उन्हापुढे धरला. वैशाखाचं ऊन होतं, कागद पातळ; पाठीकडून तिचा चेहरा पुसट उमटून दिसत होता, आणि त्यात खूण डाव्या गालावर होती. "निगेटिव्ह उलटी लागली," ती म्हणाली. "पदर पाहा ना फोटोत. मी कधी उजव्या खांद्यावर पदर घेतो का?"

आता सगळ्यांना दिसलं की फोटोत पदर उजव्या खांद्यावर आहे. दुसऱ्या एखाद्या गावी ते पहिल्याच नजरेत खटकलं असतं. नागपुरात निम्म्या बायका सीधा पल्ला, म्हणजे उजव्या खांद्यावरून पुढे सोडलेला पदर, घेतात, आमच्या शेजारणी घेत होत्या, बाबांच्या रोजच्या गिऱ्हाइकांत घेणाऱ्या कितीतरी होत्या. कोणाच्या नजरेला काही लागलंच नव्हतं. आणि आत्याला तो फोटो पटला, कारण माणूस स्वतःचं तोंड जन्मभर आरशात बघतं, म्हणजे उलटंच बघतं.

मामांनी ऐकून घेतलं आणि फोटो परत मागून खिशात ठेवला. "असेल," ते म्हणाले. "स्टुडिओवाले आहात. तुम्ही सुलट्याचं उलट कराल, उलट्याचं सुलट कराल. पण भावालाच माहीत नाही, तिथे आम्ही काय समजायचं?"

"मामा, राहू द्या ना," मधुकर म्हणाला.

"तू थांब."

तो थांबला. एवढं बोलून तो जो थांबला, तो पायऱ्या उतरून जाईपर्यंत थांबलेलाच राहिला.

वर्तमानपत्रात फोटो उलटा छापला गेला तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर एक ओळ देतात आणि प्रकरण संपतं. मी स्वतः तशा ओळी लिहिल्या आहेत. घरात असं पान नसतं. पाहुणे गेल्यावर बाबा अंधाऱ्या खोलीत गेले आणि निगेटिव्ह घेऊन आले. पदर उजव्या खांद्यावर दिसेल अशी त्यांनी ती उजेडाला धरली, तर फिल्मच्या काठावरचे आकडे उलटे दिसले. "गुळगुळीत बाजू खाली गेली माह्याकडून," ते म्हणाले. "घाईत होतो. लाइन जाईन म्हणून."

"ते समजलं," आत्या म्हणाली. "निगेटिव्ह कोणाकडूनही उलटी लागते. तुले गाल काहून नाही माहीत?"

बाबा निगेटिव्ह पाकिटात घालू लागले. तिने आत जाऊन उरलेल्या वड्या डब्यात भरल्या.

दुसऱ्या दिवशी ती चटईवर बसली नाही. कुंचला डबीत कोरडा पडला. घरातली सगळी कामं ती करत होती, जास्तच करत होती. भांडी दोनदा घासून व्हायची, अंगण दोनदा झाडून व्हायचं, दुपारी या खोलीतून त्या खोलीत तिच्या चपलांचा आवाज. फक्त फोटो हातात घेत नव्हती. बाबांनी स्वतः ठिपके भरून पाहिले. ते काजळाच्या तिटेएवढे झाले. एका लग्नाचे फोटो तसेच द्यावे लागले आणि नवरीच्या काकाने विचारलं की मांडवात बर्फ पडत होता का. प्रताप नगरचं उत्तर येईना. दारात सायकलची घंटी वाजली की आई आधी पुढे जायची, मग आत्या काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने. शेवटी निरोप आला तो तोंडी, मध्यस्थाकडून: मुलीचं शिक्षण कमी पडतं. आमचा फोटो परत आला होता. आम्ही मधुकरचा परत केला. देताना आत्याने त्याच्या कानावरची धूळ भरून दिली. पाहुणे गेल्यापासून तोवर तिने केलेलं स्पॉटिंग तेवढंच. तिचं लग्न पुढे झालं, उमरेडला, एका शाळामास्तरांशी, आणि चांगलं झालं. पण ते नंतरचं, आणि या प्रकरणात त्याची जागा नाही.

इथे सांगायचं आहे ते फोटो परत आल्यानंतरच्या सकाळचं. बाबांनी दुकान उघडलं नाही. स्टुडिओतले दिवे लावले नाहीत, नुसती मोठी खिडकी उघडली आणि तिच्यासमोर स्टूल ठेवलं. मग आतल्या दारात येऊन म्हणाले, "कुंदे, ये जरा."

"कोणाचा फोटो आहे?"

"तुहा. ये ना."

ती आली, बसली. बाबा कॅमेऱ्यामागे गेले नाहीत. दुसरं स्टूल ओढून ते तिच्यासमोर बसले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघू लागले. गिऱ्हाइकाकडे बघायचे तसे, डोळे बारीक करून, मान थोडी कलती करून. आत्या आधी खिडकीबाहेर बघत होती. मग तिनेही त्यांच्याकडे पाहिलं. आई आणि मी दारात होतो. आई नेहमीप्रमाणे खाली बघायला लागली, आणि मग तिने मान वर केली.

"डाव्या," बाबा म्हणाले.

"हो."

"कानापाशी गडद आहे. खाली येता येता हलकी होते. काठ इकडे धारदार आहे, हनुवटीकडे सॉफ्ट आहे." ते आणखी पुढे वाकले. "मले वाटे की गोल आहे. गोल नाही. लांबट आहे."

"लांबटच होती," आत्या म्हणाली. "पहिल्यापासून."

मग त्यांनी फोटो काढला. त्याच दिवशी निगेटिव्ह धुतली, आणि छापताना मला आत नेऊन काठावरचे आकडे माझ्याकडून वाचून घेतले, जणू मी साक्षीदार होते. फोटो वाळला. आत्याने तो हातात घेतला आणि लगेच नाक मुरडलं.

"हे मले दुसऱ्याच कोणाचं तोंड वाटते."

"आमाले तू अशीच दिसते," बाबा म्हणाले.

"पक्कं?"

"पाहिलं ना आता."

ती उठून खिडकीशी गेली, चटईवर बसली. डबीतली शाई पुन्हा सुकून तडकली होती. पाणी घालून तिने ती कालवली, कुंचला ओठांत धरला, केसांजवळचे धुळीचे कण भरले. फोटो बाबांकडे देत म्हणाली, "शोकेसमधे लाव."

दुकानाच्या दर्शनी बाजूला काचेची एक चौकट होती. तिच्यात बाबांचं उत्तम काम लावलेलं असे: सेहरा बांधलेले नवरदेव, टोपरं घातलेली बाळं, पेन्सिलीने नितळ केलेल्या नवऱ्या. बाबांनी मधली एक नवरी काढली आणि तिथे हा फोटो टाचला. आत्या कधी दुकानाच्या पुढच्या बाजूला उभी राहत नसे. त्या दिवशी ती पदर सावरत पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली, धुळीत उभी राहिली, आणि येणारे-जाणारे पाहत असताना तिने काचेकडे पाहिलं.

"तिथं नको गा, भाऊ," ती म्हणाली. "दुपारी ऊन येते त्या जागी. वर्षभरात उडून जाते तो रंग. सावलीत घे."

बाबांनी टाचण्या काढल्या आणि फोटो सावलीत घेतला.